उशाखालच्या चपला

मूल झोपलं की निघायचं. चपला हातात घ्यायच्या, दार अलगद ओढून घ्यायचं आणि एक मजला खाली उतरल्यावरच चपला पायात घालायच्या. हा नियम माझा. घर सोडणाऱ्या प्रत्येक बाईला मी तो आठवणीने सांगत असे, आणि काही वर्षं मला त्याचा अभिमानही होता.

माझा धंदा मुलं सांभाळणाऱ्या बाया लावून देण्याचा. पाटीवर 'आया ब्यूरो' असं लिहिलं होतं, पण घाटकोपरला मला सगळे 'बायांचा तावडे' म्हणत. बायको फार चिडायची. "उद्या पोरीच्या लग्नपत्रिकेत हेच छापा," म्हणायची. आता तो धंदा मी बंद केला आहे. त्याच जागेत झेरॉक्सचं मशीन टाकलंय. तरी अजून महिन्यातून एखादी बाई कडेवर मूल घेऊन येते आणि विचारते, "तावडे इथेच बसतात ना? बाई पाहिजे होती."

मी मुळात गिरणीतला कारकून. संप लागला, लांबला आणि आमच्यापुरता तरी कधी मिटलाच नाही. आम्ही भांडुपला राहत होतो. आजूबाजूला सगळी कोकणातली, गिरणीची माणसं. ज्या बायकांनी दुसऱ्याच्या घरचा उंबरा कामासाठी कधी ओलांडला नव्हता, त्या "काहीतरी बघा ना वहिनी" म्हणून माझ्या बायकोकडे येऊ लागल्या. दुसरीकडे मुलुंड, घाटकोपर, अंधेरीला नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. नवरा-बायको दोघं नोकरीला, आजी-आजोबा गावाला, आणि पाळण्यात चार महिन्यांचं मूल. मला एवढंच सुचलं, की या दोघांची गाठ घालून द्यावी. माझा मित्र सदा शिंपी याने त्याच्या दुकानात एका कोपऱ्यात टेबल टाकायला दिलं. शेजारच्या वाण्याचा फोन होता. झाला ब्यूरो.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय आहे! बाई दाखवायची, पैसे घ्यायचे. पण बाई पारखावी लागते. माझी रीत सोपी होती. नवीन बाई आली की मी तिला "बसा, आलोच" म्हणून दुकानातल्या बाकावर तासभर बसवून ठेवायचो. सदाकडे बायका ब्लाउज शिवायला यायच्या, त्यांच्याबरोबर पोरं असायची. बाकावरची बाई त्या पोरांकडे बघते का, एखादं रडलं तर तिचा हात आपोआप पुढे होतो का, हे मी टेबलावरून बघायचो. हात पुढे झाला की बाई पास.

आणि धंद्याची दुसरी बाजूही सांगून टाकतो. बाई लागली की घरवाल्यांकडून आणि बाईकडून, दोघांकडून मला कमिशन. तीन महिन्यांच्या आत बाई गेली, तर दुसरी मी फुकट द्यायची. म्हणजे तीन महिने बाई टिकावी म्हणून मी धडपडायचो आणि त्यानंतर ती हलली तर माझा फायदाच. सदा मशीन चालवता चालवता म्हणायचा, "तुझं बरं आहे रे. एकाची पँट उसवायची, दुसऱ्याला शिवायची. कापड तेच, शिलाई दोनदा." मी हसायचो. हसण्यासारखंच वाटायचं तेव्हा.

गिऱ्हाईकंही एकेक असायची. घाटकोपरच्या एका गुजराती बेनला मासे न खाणारी बाई हवी होती. माझ्याकडे त्या आठवड्यात सगळ्या मालवणी. त्यातल्या सुलभाला मी म्हटलं, "विचारलं तर सांग, माळ घातली आहे." सुलभा मुलाला जीव लावणारी, घर खूष. वर्षभराने ते पोरगं बोलायला लागलं. घरात पाहुणे जेवायला बसलेले असताना त्याने ताट सारलं आणि मोठ्याने सांगितलं, "माका बांगडो व्हयो!"

बेन तडक दुकानात आल्या. "तावडेभाई, आ बांगडो शुं छे?"

"कोकणातली भाजी आहे, बेन," मी म्हटलं.

सदाने मान इतकी खाली घातली, की त्याचं कपाळ मशीनच्या चाकाला लागलं. बेन म्हणाल्या, "तो पछी लावी आपो ने एक किलो. छोकरो रडे छे." पुढे रस्त्यावरच्या कोळणीने त्यांना भाजीचं खरं रूप दाखवलं आणि सुलभाची नोकरी गेली. ही गोष्ट मी कितीतरी वेळा लोकांना हसत सांगितली आहे. पण लिहिताना लक्षात येतं, की खोटं किती सहज माझ्या तोंडून निघायचं. ते पोरगं सुलभासाठी किती दिवस रडलं, हे मी बेनना कधी विचारलंच नाही.

नियम कसा आला तेही सांगतो. अगदी सुरुवातीला अंधेरीच्या एका घरातून बाई निघाली. दोन वर्षांचा मुलगा तिच्या मागे धावला आणि जिन्यात पडला. हनुवटी फुटली. त्याची आई दुकानात येऊन मला नाही नाही ते बोलली. मी घाबरलो. त्या दिवसापासून ठरवलं, निरोपच नको. दुपारी मूल झोपलं की बाईने निघायचं. उठल्यावर आईने सांगायचं, मावशी गावाला गेली, तिची आई आजारी आहे. येणाऱ्या बाईलाही 'मावशी'च म्हणायचं. मी घरवाल्यांना ठासून सांगायचो, "लहान मूल आहे, चार दिवसांत विसरतं." आणि लोकांना ते पटायचं. कारण त्यांनाही रडणं नकोच असायचं.

मुलुंडचे कर्णिक माझे जुने गिऱ्हाईक. नवरा ट्रॉम्बेला नोकरीला, सकाळच्या बसने जायचा तो संध्याकाळी यायचा. बायको सुनीताताई टेलिफोन खात्यात. त्यांची मुलगी मिनू. पहिली बाई गणपतीला गावी गेली ती आलीच नाही. दुसरीला सुनीताताईंनीच काढलं, ती मिनूला घरात ठेवून जिन्यात गप्पा मारत बसायची. तिसरी शेवंता. मिनू तेव्हा दीड वर्षाची असेल.

शेवंता माझ्याकडची सगळ्यात चांगली बाई. सडसडीत, कमी बोलणारी. बाकावर बसवलं तेव्हा पाच मिनिटांत कुणाचं तरी पोर तिच्या मांडीवर होतं. मिनू तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. वर्ष गेलं, त्यावर आणखी काही महिने गेले, सुनीताताईंचा एकदाही फोन नाही. आणि मग वर्सोव्याहून एक गिऱ्हाईक आलं. बंगला, जुळी मुलं, पगार कर्णिकांपेक्षा बराच जास्त आणि माझं कमिशनही त्याच मापाने. "बाई खात्रीची पाहिजे," ते म्हणाले. खात्रीची म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर एकच होती.

शेवंता नको म्हणाली. "भाऊ, पोरगी मला बिलगून झोपते हो."

"वर्सोव्यालाही पोरंच आहेत," मी म्हटलं. "आणि तुझ्या धाकट्याची शाळा कोण बघणार?"

दोन दिवसांनी, दुपारी, मिनू झोपल्यावर, मुठीतला पदर सोडवून ती निघाली. कर्णिकांना कारण नेहमीचंच, आई आजारी आहे. शेवंताला आई नव्हती. ती लहान असतानाच वारली होती, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

काही दिवसांनी ती दुकानात आली. उभ्या उभ्याच विचारलं, "मिनू जेवते का नीट?"

"एकदम मजेत आहे," मी सांगितलं.

मिनू मजेत नव्हती. तिला ताप येत होता, डॉक्टरला कारण सापडत नव्हतं. चौथी बाई आठवड्यात पळाली. पाचवीच्या हाताला मिनूने चावा घेतला. आणि दुपारी ती झोपेना. डोळे मिटायला लागले की स्वतःच्या गालावर चापट्या मारून घ्यायची. हे मला सुनीताताईंनी दुकानात येऊन सांगितलं. सांगताना त्या बाकावर बसल्या होत्या, बरोबर जिथे मी बायांना बसवतो तिथे.

"तावडे, माझी रजा संपलीय. बिनपगारी पण संपली. सोमवारी हजर नाही झाले तर राजीनामा द्यायला सांगतील. मला एक बाई द्या हो. शेवंतासारखी."

"देतो ना ताई. आहे एक," मी म्हटलं.

ती होती लक्ष्मी परब. पन्नाशीची, जाडजूड, दातांना मिश्री आणि तोंडाला लगाम नाही. नवरा गिरणीतला, संपापासून घरी. ती आधी चेंबूरच्या एका घरी होती, माझ्याच मार्फत. तिला उशिरा यायची खोड होती, टीव्हीसमोर बसली की भान नसायचं. पण त्या वेळी दुसरी कोणी नव्हती. रविवारी मी तिला घेऊन मुलुंडला गेलो. वाटेत नेहमीप्रमाणे सगळं समजावलं, आणि त्यांच्याकडच्या बाया कशा सारख्या गेल्या तेही सांगितलं.

सुनीताताईंनी चहा केला. मिनू खोलीच्या दाराला टेकून उभी होती. माझ्याकडे बघितलं आणि पडद्याच्या आड गेली. तिचे फक्त पाय दिसत होते. मला वाटलं, लाजते.

"चेंबूरचं काम का सोडलंत?" सुनीताताईंनी विचारलं.

"त्यांची बदली झाली, बाय," लक्ष्मी म्हणाली. मग बशी खाली ठेवून तिने उलट विचारलं, "आणि तुमच्याकडच्या का गेल्या?"

कर्णिकांनी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. मी पंख्याकडे बघत होतो. तेवढ्यात पडद्यामागून मिनू बाहेर आली. थेट लक्ष्मीसमोर येऊन उभी राहिली.

"तू पण मी झोपल्यावर जाणार?"

चार वर्षंही पूर्ण नसतील तिला. तेव्हा मला कळलं, मघाशी ती का लपली. माझं येणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. मी त्या घरात आलो की एक बाई येते किंवा एक जाते. सुनीताताई "मिनू, असं बोलतात का?" म्हणाल्या.

लक्ष्मीने मिनूला जवळ ओढलं नाही, गोंजारलं नाही. म्हणाली, "माका जावचा आसात तेव्हा तुका सांगान जातलंय. तू जागी असताना."

"खोटं."

"खोटा कित्याक बोलू? माझ्यो चपलो घेऊन ठेव. चपलो नसताना मी जातलंय खंय?"

मिनूला मालवणी कितपत कळलं कुणास ठाऊक. चपला मात्र कळल्या. ती दारात गेली, लक्ष्मीच्या रबरी चपला उचलल्या आणि आत जाऊन आपल्या उशीखाली ठेवल्या. "अगं शी, उशीखाली चपला!" सुनीताताई ओरडल्या. लक्ष्मी म्हणाली, "असू दे बाय. उद्या साबणान धुवन आणतंय."

निघताना लक्ष्मीने मिनूला सांगून चपला मागून घेतल्या. परत येताना मी तिला झापलं. "असं वचन कशाला देतेस? उद्या जायची वेळ आली तर?"

ती रस्त्यातच थांबली. "तावड्यांनू, चेंबूरच्या पोराक मी तुमच्या सांगण्यावरून झोपेत सोडून इलंय. जिन्यात असतानाच तेचो आवाज इलो, मावशी, मावशी. मी चपलो हातात घेऊन उभी. वर जाऊ की खाली जाऊ? खाली गेलंय. परत मी तसा करूचंय नाय. तुमका नको झाला तर दुसरी बघा."

दुसरी नव्हती. सोमवारी सुनीताताई कामावर हजर झाल्या.

लक्ष्मी जवळजवळ दोन वर्षं टिकली. तिच्याबद्दल तक्रारी यायच्या. उशिरा येते, मिश्रीचे डाग पाडते, मिनूला शिव्या शिकवते. पण मिनू दुपारची झोपू लागली. रोज लक्ष्मी अनवाणी घरात, चपला उशीखाली, संध्याकाळी घरी जाताना मिनूकडून परत. सुनीताताई मला फोनवर हसत सांगायच्या, "तावडे, आमच्याकडे देवासारख्या चपला धुतल्या जातात." मग एक दिवस म्हणाल्या, काल मिनू चपला न घेताच झोपली. विसरली बहुतेक. पुढे रोजच विसरायला लागली.

गिरणी सुरू व्हायची आशा लक्ष्मीच्या नवऱ्याने सोडली. गावी कणकवलीकडे भावांबरोबर कलमांची बाग बघायची असं ठरलं. लक्ष्मीने महिनाभर आधी सगळ्यांना सांगितलं, मिनूला सोडून. "तिका मी शेवटच्या दिवशी सांगतलंय. आधी सांगितला तर रोज रडात." सुनीताताई मात्र पुन्हा दुकानात आल्या.

"मिनूला सांगू नको म्हणावं लक्ष्मीला. झोपल्यावर जाऊ दे. मागच्या वेळचा ताप आठवतो ना तुम्हाला? मला नाही बघवायचं ते परत." त्या रडत होत्या. मी म्हटलं, "मी येतो त्या दिवशी. समजावतो लक्ष्मीला."

खरंच समजवायला गेलो होतो. दुपारची वेळ. संध्याकाळी लक्ष्मीची एस.टी. होती. तिची पिशवी दाराशी, मिनू आत झोपलेली. मी हळू आवाजात म्हटलं, "लक्ष्मी, झोपलीय चांगली. आता नीघ. तिच्या आईकडे बघ जरा."

लक्ष्मीने सुनीताताईंकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं, ऐकते. मग ती आत गेली आणि पलंगावर बसली.

"मिने, ऊठ गो. मी जातंय."

मिनू डोळे चोळत उठली. "बाजारात?"

"गावाक. माझ्या घराक."

"उद्या येशील?"

"नाय गो. आता येवचंय नाय."

मिनू रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून रडली. हेच रडणं टाळण्यासाठी मी इतकी वर्षं इतक्या बायांना चपला हातात घेऊन जिने उतरायला लावलं होतं. मला वाटत होतं, त्या रडण्याने काहीतरी भयंकर होईल. झालं काही नाही. सुनीताताईंनी तिला मांडीवर घेतलं, लक्ष्मी समोर बसून राहिली, नाक पुसत. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग मिनू मांडीवरून उतरली, दाराशी गेली आणि लक्ष्मीच्या चपला घेऊन आली. तिने त्या लक्ष्मीच्या पायाशी ठेवल्या, उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. लक्ष्मीने तशाच पाय सरकवून बघितलं तेव्हा मिनू हुंदक्यात हसली.

"उलट्या आहेत गं!"

"तर काय! तूच ठेवलंस."

लक्ष्मीने त्या घरातच, स्वच्छ फरशीवर, सुलट करून घातल्या आणि निघाली. रबरी चपलांचा फटफट आवाज तळमजल्यापर्यंत येत राहिला. मिनू कठड्याला धरून तो संपेपर्यंत ऐकत होती.

नंतर ती वळली. मला घाबरून जी पडद्यामागे जायची, तीच मुलगी आता माझ्यासमोर उभी होती. अगदी साध्या आवाजात, पाहुण्याची चौकशी करावी तसं तिने विचारलं, "काका, शेवंतामावशीची आई बरी झाली का?"

दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. सुनीताताईही माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही मी हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते विश्वासाने पोरीला सांगितलं होतं. शेवंता त्या घटकेला वर्सोव्याला होती. बस पकडली असती तर संध्याकाळपर्यंत तिला इथे घेऊन आलो असतो.

"हो," मी म्हटलं. "बरी झाली."

"मग शेवंतामावशी आली का नाही?"

खरं सांगायची यापेक्षा चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती. आत्ताच, त्याच खोलीत, एका अडाणी बाईने ते करून दाखवलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "गाव फार लांब आहे गं तिचं."

मिनूने विचार केला. मग मान हलवली. "हं. आणि मी झोपले होते. म्हणून तिला पत्ता नाही विचारता आला."

मी सुनीताताईंना येतो म्हटलं की नाही, आठवत नाही. दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरलो. खाली रस्त्यावर उन्हाने तळवे भाजले तेव्हा बघितलं. माझ्या चपला माझ्या हातात होत्या.